चार बोटं उंच जमीन

धाकटीला त्या मोठ्या डान्स कंपनीनं ऑडिशनमध्ये नाकारलं त्या दिवशी ती घरी आली, दोनदा वाढून घेऊन पोटभर जेवली, गरम पाण्यात पाय बुडवून बसली आणि झोपून गेली. जेवण गेलं नाही ते मला.

आता खरं म्हणजे नकार ही गोष्ट मला नवी नाही. मी विमा कंपनीत दावे विभागात आहे. लोकांना नाही म्हणण्यावरच आमची चूल पेटते. पण आम्ही कारण देतो. ‘गळती पूर्वीपासूनची असल्याने’, ‘छत्री हा वाहनाचा भाग नसल्याने’. माणूस चिडतो, पण आपण कशावर चिडलोय हे त्याला समजतं. धाकटीला तर त्यांनी नुसतं ‘धन्यवाद’ म्हटलं होतं.

“धन्यवाद म्हणजे काय?” मी दुसऱ्या दिवशी सकाळी विचारलं.

“धन्यवाद म्हणजे नको.” ती केस वर बांधत म्हणाली.

“आणि कारण?”

“कारण नसतं, बाबा. उंची जुळली नसेल. किंवा त्यांना माझ्यासारखी आधीच एक मिळाली असेल.”

“तुझ्यासारखी दुसरी कुठून मिळणार?”

“अहो, माझ्यासारख्या तिथे भिंतीला टेकून रांगेनं बसल्या होत्या.” असं म्हणून तिनं पिशवी खांद्याला लावली आणि ती सरावाला निघून गेली.

धाकटी हौस म्हणून नाचत नाही, पोटासाठी नाचते, हे इथे सांगून ठेवलेलं बरं. सकाळी सराव, दुपारी लहान मुलांचा क्लास आणि मधूनमधून मिळेल ते काम. एका साबणाच्या जाहिरातीत ती मागच्या रांगेत आहे. नीट पाहिलं तर तिचं डावं कोपर दिसतं. आमच्या नात्यातल्या सगळ्यांनी ते कोपर पाहिलेलं आहे, कारण मी ते दाखवल्याशिवाय कोणाला चहा देत नसे. थोरली दातांची डॉक्टर आहे. तिला कधी कोणी ‘धन्यवाद’ म्हणून परत पाठवलेलं नाही. तिच्याकडे माणसं विव्हळत येतात, निवडीचा प्रश्नच नाही.

माझी बायको शाळेत रसायनशास्त्र शिकवते. कुठल्याही पदार्थाला विनाकारण हात लावायचा नाही, हा तिचा नियम ती नवऱ्याला आणि मुलींनाही लावते. ती म्हणाली, “पोरगी ठीक आहे. तुम्ही ठीक नाही आहात. तुम्ही काहीतरी उद्योग शोधा.”

तो उद्योग आपल्या पायांनी चालत आला. धाकटीच्या सरावाच्या हॉलचं छत गळायला लागलं आणि हॉल दुरुस्तीसाठी बंद झाला. दुसऱ्या एका कंपनीची, गावोगाव फिरून प्रयोग करणाऱ्या मंडळींची, ऑडिशन जवळ आली होती. धाकटी घरातच फरशीवर उड्या मारू लागली आणि तिच्या नडग्या ठणकू लागल्या. फिजिओ बाईंनी पाय दाबून पाहिले आणि सांगितलं, “फरशीवर उड्या बंद. खाली लाकूड हवं, आणि लाकडाखाली जरा हवा हवी.”

मी सोबत गेलो होतो म्हणून हे ऐकलं. तिनं मला सोबत बोलावलंच नव्हतं, असं ती अजून म्हणते. ते असो. पण त्या वाक्यानं माझ्या मनात दिवा लागला. मुलीला नाकारणाऱ्यांचं बाप काही करू शकत नाही. जमिनीचं करू शकतो.

बाहेरच्या खोलीत लाकडाची जमीन टाकायची, एवढाच माझा बेत. पण जिन्यात समोरच्या वहिनी भेटल्या आणि मी तो बोलून बसलो. वहिनींच्या मते गाद्या अंथरल्या तरी चाललं असतं. दुसरा विचार करून त्या म्हणाल्या, “पण भाऊजी, लाकूडच टाकणार असाल तर समोरच्या भिंतीला आरसा हवाच. आरशाशिवाय नाच म्हणजे अंधारात दाढी.” त्यांचे यजमान अंधारात दाढी करतात की काय, असा एक विचार मनात येऊन गेला. तिसरा सल्ला असा, की त्यांच्या चपलांचं कपाट ज्या सुतारानं केलं त्यालाच बोलवावं. “त्याचं काम हलत नाही,” त्या म्हणाल्या. हे वाक्य मी तेव्हा कौतुक म्हणून ऐकलं.

मग इमारतीच्या सेक्रेटरींकडे गेलो. माणूस भला, पण नियमाच्या बाहेर त्यांना श्वास घेता येत नाही.

“फरशी बदलायची म्हणजे बांधकाम,” ते म्हणाले. “बांधकामाला समितीची मंजुरी. समितीला गणसंख्या. गणसंख्या काही भरत नाही.”

“फरशी बदलत नाही. वरून लाकूड टाकतोय.”

“खिळे ठोकणार?”

“ठोकावे लागतील.”

“मग बांधकाम.”

“आणि नाही ठोकले तर?”

सेक्रेटरींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. “नाही ठोकले तर फर्निचर. त्याला परवानगी लागत नाही, नुसती नोंद. काय लिहू?”

“जमीन,” मी म्हणालो.

जमीन नावाचं फर्निचर त्यांच्या ऐकण्यात नव्हतं. बराच खल झाला. शेवटी त्यांनी लिहिलं, ‘टेबल, बुटकं, नग एक.’

आमच्या खाली निवृत्त हेडमास्तर राहतात. त्यांचं सगळं आयुष्य वर्गातला आवाज बंद करण्यात गेलं आणि म्हातारपणी नशिबानं त्यांना नाचणाऱ्या मुलीच्या खाली आणून ठेवलं. धाकटीच्या प्रत्येक उडीला ते काठीनं छतावर एक टकटक करत. तीही तालात पडायची, हे धाकटीनं त्यांना मोठ्या प्रेमानं सांगितलं होतं. टेबलाची बातमी कळताच ते वर आले.

“हे टेबल किती मोठं आहे?”

“खोलीएवढं.”

“एवढं कशाला?”

“पाहुणे फार येतात,” मी म्हणालो.

“टेबलावर कोणी नाचणार नाही ना?”

मी दावे विभागाचा माणूस. म्हणालो, “तशी शक्यता पूर्णपणे नाकारता येणार नाही.” हेडमास्तर माझ्याकडे, मी वर्गात कोंबडा आणल्यासारखे बघत राहिले.

सुतार आला. त्यानं आयुष्यात कपाटं, पलंग आणि दुकानाच्या फळ्या केल्या होत्या, पण नाचायची जमीन केली नव्हती. हे त्यानं मला काम संपल्यावर सांगितलं. सुरुवातीला तो एवढंच म्हणाला, “साहेब, खिळा नको म्हणता ना? मग असं घट्ट बसवतो की खिळ्याची आठवण येणार नाही.” खाली रबराचे ठोकळे, त्यावर पट्ट्या, त्यावर फळ्या, आणि सगळं एकमेकांच्या खाचेत. उंची झाली चार बोटं.

चार बोटं म्हणजे काय, असं आपल्याला वाटतं. जमीन चार बोटं वर आली की घरातली प्रत्येक गोष्ट चार बोटं खाली जाते, हे शाळेत कोणी शिकवत नाही. पडदे लोळू लागले. विजेचं बटण खांद्याशी होतं ते कोपराशी आलं. सोफा निजायच्या खोलीत गेला, म्हणून पलंग भिंतीला उभा राहिला, म्हणून आम्ही दोघं सोफ्यावर पाय विरुद्ध दिशांना करून झोपू लागलो. सगळ्यात गंभीर प्रश्न पंख्याचा झाला. धाकटी हात वर करून उडी मारते, आणि पंखा आता तिच्या वाटेत होता.

“पंखा काढा, नाहीतर मुलीला बुटकी करा,” बायको म्हणाली. पंखा काढला.

वहिनींच्या आग्रहानं आरसाही लागला. त्याच्यासमोर, दुसरीकडे जागा नाही म्हणून, आमचं जेवण चाले. मी घास कसा घेतो हे मी पहिल्यांदाच पाहिलं. इतक्या वर्षांत बायको याविषयी एक शब्द बोलली नव्हती. तिच्याबद्दलचा माझा आदर तेव्हापासून वाढलेला आहे.

आणि धाकटी? तिनं पहिल्या दिवशी त्या जमिनीवर उडी मारली, खाली आली आणि नडग्या दाबून पाहिल्या. “बरी आहे,” ती म्हणाली. मग तिनं संध्याकाळपर्यंत सराव केला आणि मी स्वयंपाकघराच्या दारात टॉवेल घेऊन उभा राहिलो. खालून एकही टकटक आली नाही. रबरानं आवाज गिळला होता. हेडमास्तर काळजीनं वर येऊन विचारून गेले, की मुलीची तब्येत बरी आहे ना.

इथे मी थांबायला हवं होतं. पण दाराजवळचा एक पट्टा राहिला होता. फळ्या कमी पडल्या होत्या. आणि सुतार तो बसवायला उगवला तो नेमका ऑडिशनच्या सकाळी.

“पाच मिनिटांचं काम,” तो म्हणाला. दार लावून घेतलं, कारण जिन्यात भुसा उडला तर सेक्रेटरी तो बांधकामात धरतील. फळी खाचेत घातली आणि वरून लाकडी हातोडा मारला. फळी बसली. किती सुरेख बसली ते आम्ही सगळे वाकून पाहत होतो. तेवढ्यात धाकटी पिशवी घेऊन आली आणि तिनं दार ओढलं.

आमचं दार आत उघडतं. म्हणजे उघडत असे.

धाकटीनं आणखी दोनदा ओढून पाहिलं. मग बायको अगदी शांतपणे म्हणाली, “जमीन चार बोटं वर आहे. दार नाही.”

“फळी काढ,” मी सुताराला म्हणालो.

“साहेब, माझं काम हलत नाही,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात दुःख होतं, पण थोडा अभिमानही होता. “दार काढता येईल. बिजागऱ्या आतून आहेत. पण जुने स्क्रू, रंग बसलाय. दुपार होईल.”

दुपारी धाकटीचा नंबर पुकारून झाला असता. तेवढ्यात बेल वाजली. हातोड्याचा आवाज ऐकून हेडमास्तर आले होते.

“दार उघडा,” ते बाहेरून म्हणाले.

“उघडत नाही.”

“का उघडत नाही?”

“टेबल आडवं आलंय.”

हेडमास्तरांनी बाहेरून धक्का मारून पाहिला. वहिनींनीही मारला. सेक्रेटरी आले आणि म्हणाले, की दार तोडायचं तर समितीची मंजुरी लागेल, मात्र टेबल घडी करायला त्यांची काही हरकत नाही. मी आतून सांगत होतो, बाहेरचे ऐकत नव्हते, आणि या गदारोळात धाकटी गॅलरीत जाऊन खाली बघत होती. आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो.

“आजोबा,” तिनं आत येऊन दाराच्या फटीतून हाक मारली, “तुमची झाडांची शिडी आहे ना?”

ज्या माणसानं तिच्या प्रत्येक उडीला काठी आपटली तो माणूस जिना उतरून धावला. शिडी लागली. धाकटीनं पिशवी खाली टाकली, कठडा ओलांडला आणि अशी उतरली की समोरच्या इमारतीतल्या एका बाईंनी टाळ्या वाजवल्या. टॅक्सी मिळाली, ती गेली. मी सुटकेचा निःश्वास टाकला आणि वळलो, तर सुतार हातात तिचे नाचायचे बूट घेऊन उभा.

“भुसा लागू नये म्हणून कपाटावर ठेवले होते,” तो म्हणाला.

मी बायकोकडे पाहिलं. बायकोनं शिडीकडे पाहिलं. “तुम्ही जा,” ती म्हणाली. “मी याच्यावर लक्ष ठेवते. नाहीतर हा खिडक्यापण घट्ट बसवून जाईल.”

मी घरातल्या पायजम्यात होतो, डोक्यात भुसा होता आणि मला उंचीची भीती वाटते. पहिला मजला ही उंची नव्हे, असं ज्यांना वाटतं त्यांनी बुटांच्या नाड्या दातांत धरून कठड्यावर एक पाय टाकून पाहावा. सगळ्या गॅलऱ्या भरल्या होत्या. कोणी म्हणे डावा पाय आधी, कोणी म्हणे तोंड भिंतीकडे. वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, खाली गाद्या घालू का?” त्यांच्या गाद्यांचा सल्ला मी आधीच ऐकायला हवा होता. मध्यावर मी थांबलो, आणि मला पुढेही जाता येईना आणि मागेही.

“घाबरायचं नाही,” शिडी धरून हेडमास्तर म्हणाले. “भिंतीवरची वीट बघा. आता पुढची वीट. शाबास.” इतक्या वर्षांनी मला कोणी शाबास म्हणत होतं आणि तेही पायजम्यात. त्या शाबासकीवर मी खाली आलो.

ऑडिशनची जागा म्हणजे एका जुन्या नाट्यगृहामागची लांबच लांब बोळासारखी वाट. आत पाऊल टाकलं आणि थबकलो. दोन्ही भिंतींना टेकून मुलीच मुली बसल्या होत्या, काही मुलगेही. छातीवर नंबर, अंगठ्यांना चिकटपट्ट्या. एकीचे पाय भिंतीवर वर टेकवलेले आणि ती चक्क झोपलेली. एकजण बुटाचा बंद शिवत होती. सगळ्यांचे केस सारखे बांधलेले, सगळ्यांच्या माना सारख्या लांब. ‘माझ्यासारख्या रांगेनं बसल्या होत्या’ म्हणजे काय ते आत्ता मला दिसलं.

टेबलामागच्या बाईंनी माझा पायजमा पाहिला. “तुम्ही कोण?”

“बाप.”

“बापांना आत सोडत नाही.”

“मला नका सोडू. बुटांना सोडा.”

बाई नियमात शोधू लागल्या. तेवढ्यात बंद शिवणारी मुलगी म्हणाली, “काका, इकडे द्या. कोणाचे?” मी सांगितलं. तिनं बूट पुढच्या मुलीला दिले, त्या मुलीनं पुढच्या. असे ते बूट हातोहात त्या बोळातून सरकत गेले. प्रत्येक हात अशा मुलीचा होता, जिला धाकटी आत अनवाणी राहिली असती तर बरंच होतं. झोपलेलीनंसुद्धा डोळे न उघडता ते पुढे दिले. दूरच्या टोकाहून आवाज आला, “पोचले, काका.”

मी बाहेरच्या पायरीवर बसलो. थोड्या वेळानं एक मुलगी बाहेर आली, मोजे चढवले, पिशवीतून संत्रं काढून सोलू लागली.

“झालं?” मी विचारलं.

“धन्यवाद,” ती म्हणाली. ते मला उद्देशून नव्हतं.

“त्यांनी कारण सांगितलं का?”

“मागितलं तर देतील की. पण ते घरी नेऊन ठेवू कुठे?” तिनं अर्धं संत्रं माझ्या हातात दिलं. मी माझ्या खात्यातून आजवर गेलेल्या सगळ्या कारणांचा विचार केला, आणि ती लोकांनी कुठे ठेवली असतील याचा. संत्रं आंबट होतं. आम्ही ते संपवलं.

दुपार कलली तेव्हा धाकटी आली. तिच्या चेहऱ्यावरून मला काही कळेना.

“बाबा, तुम्ही पायजम्यात आलात.”

“ते राहू दे. काय झालं?”

“घेतलं.” ती पायरीवर माझ्याशेजारी बसली आणि एकदम रडू लागली. नाकारल्यावर दोनदा वाढून घेणारी मुलगी. मी तिला टॉवेल द्यायला गेलो, तर टॉवेल घरी होता. मग पायजम्याच्या खिशातला रुमाल दिला, त्यात भुसा निघाला.

“राखीव म्हणून घेतलंय,” ती नाक पुसत म्हणाली. “सगळ्या मुलींच्या जागा मला पाठ करायच्या. कोणी आजारी पडलं की तिच्या जागी मी.”

“आणि कोणी आजारीच पडलं नाही तर?”

“तर मी पडद्याआड उभी. पण रोज सराव त्यांच्याबरोबर, पगार त्यांच्याबरोबर.”

हा अपमान समजावा की काय, असं माझ्या मनात येत होतं. मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. “म्हणजे तू त्यांचा विमा आहेस,” मी म्हणालो.

धाकटी रडता रडता हसायला लागली. “हो. तुमच्याच धंद्यात आले.”

घरी आलो तर दार नव्हतंच. सुतारानं ते उतरवून खालून कापायला घेतलं होतं. उघड्या चौकटीत बायको, सेक्रेटरी आणि हेडमास्तर चहा पीत बसले होते आणि कापलेलं दार बांधकामात मोडतं की फर्निचरमध्ये, यावर सेक्रेटरी चढ्या आवाजात बोलत होते. धाकटीनं बातमी सांगितली. हेडमास्तरांनी कप खाली ठेवून काठीनं जमिनीवर एकदा टक केलं.

आता कंपनीच्या हॉलला चांगली लाकडी जमीन आहे, त्यामुळे आमच्या जमिनीची धाकटीला गरज राहिली नाही. बायकोनं ‘मी सांगितलं होतं’ असं म्हटलं नाही. तिनं खरंच काही सांगितलं नव्हतं, म्हणून ते आणखी लागलं.

मी मात्र रोज संध्याकाळी धाकटीला विचारायचो, “आज कोणाला ताप वगैरे?” उभ्या नोकरीत दावा उद्भवू नये म्हणून मी झटलो. आता एक छोटासा, कोणालाही न दुखवणारा, दोन दिवसांत बरा होणारा दावा उद्भवावा, अशी आस लावून बसलो होतो. आणि एके दिवशी उद्भवला. एका मुलीचा घोटा मुरगळला. धाकटीचा फोन आला, “आज मी आहे.”

आम्ही गेलो. मी इस्त्रीचे कपडे घातले होते. थोरली दवाखाना बंद करून आली, हेडमास्तर आले, वहिनी आल्या. दिवे मंदावले, पडदा वर गेला आणि मंचावर एकसारख्या करड्या कपड्यांत, एकसारख्या टोप्या घातलेल्या, एकसारख्या रंगवलेल्या मुलींची रांग आली. मी तिला लगेच ओळखलं. डावीकडून तिसरी. ती मान वळवण्याची पद्धत, ते डावं कोपर. तिच्यावरून नजर हलू दिली नाही. ती एका जागी अशी उंच उडाली आणि अशी अलगद खाली आली, की माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. वहिनींनी मला रुमाल दिला. शेवटी मी उभा राहून टाळ्या वाजवल्या, तिच्याकडे बोट दाखवून शेजारच्या अनोळखी माणसाला सांगितलं, “माझी.” त्यानं माझा हात हातात घेऊन दाबला.

नंतर मागच्या दारी धाकटी आली, तोंडावरचा रंग पुसत. मी म्हणालो, “ती उंच उडी. काय सांगू तुला. डावीकडून तिसरी, मी पहिल्यापासून बघत होतो.”

धाकटी थांबली. तिनं आईकडे पाहिलं. आईनं वर आढ्याकडे पाहिलं.

“बाबा,” ती म्हणाली, “मी उजव्या टोकाला होते.”

थोरली हसली, हेडमास्तर खोकले. बायकोला प्रयोगभर माहीत होतं, पण ती म्हणाली की मी इतका छान रडत होतो, की मध्ये बोलणं तिच्या जिवावर आलं.

तेवढ्यात त्याच दारातून एक मुलगी बाहेर आली. “ती बघा तुमची डावीकडून तिसरी,” धाकटी म्हणाली. एकटीच होती. घ्यायला कोणी आलेलं दिसत नव्हतं. मी जरा चाचरलो, मग पुढे झालो आणि तिला सांगितलं, की तिची ती उडी फार सुंदर होती आणि मी अक्षरशः रडलो.

ती बघतच राहिली. “खरंच?” ती म्हणाली. “मला वाटलं, ती कोणी पाहिलीच नसेल.”

“पाहिली,” मी म्हणालो. “अगदी नजर न हलवता.”